राजगड एका दिवसात: बांधकाम समजून घ्यायचंय, काय बघावं आणि काय सोडावं?

अबोली_क

नमस्कार. राजगडाबद्दल सल्ला हवाय, जरा तपशिलात लिहिते.

नोव्हेंबरअखेर बाबांना घेऊन जायचं आहे. वय ६८. आयुष्यभर गवंडीकाम, पुढे स्वतःची लहानशी ठेकेदारी. टीव्हीवर संजीवनी माचीची (माची म्हणजे गडाची तट घातलेली सोंड) दुहेरी तटबंदी पाहिल्यापासून त्यांना ती हात लावून बघायची आहे. दुसऱ्या कुठल्या गडाचं नाव काढू देत नाहीत.

अडचणी अशा: उजवा गुडघा दुखरा आहे. डॉक्टर म्हणाले चढा, पण उतरताना जपा. मुक्काम जमणार नाही, पुण्याहून पहाटे निघून रात्रीपर्यंत घरी. गाडी आमचीच. पेट्रोल, जेवण, वाटाड्या सगळं धरून २५०० रुपयांच्या वर जायचं नाही.

प्रश्न: पायथ्याच्या गुंजवणे गावाकडून चढावं की पाली गावाकडून? तीन माच्या आणि बालेकिल्ला (सगळ्यांत वरचा, आतला किल्ला) एका दिवसात बाबांना झेपणार नाहीत हे उघड आहे, तर बांधकाम बघायचं म्हणून काय निवडावं? वाटाड्या लागेल का?

कृपया दुसरा गड सुचवू नका.

घाटमाथा

ताई, गुडघा दुखरा असेल तर सरळ रायगडला जा. हिरकणीवाडीतून रोपवेने वर, चढायचा प्रश्नच नाही. बांधकामाचंच म्हणाल तर हिरोजी इंदुलकरांच्या कामाला तोड नाही. महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वर बाजारपेठेची जोती, नगारखाना, गंगासागर, आणि जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गवंडीकाम केलेल्या माणसाने ती पायरी बघायलाच हवी.

आम्ही सहा जण पाचाडला दोन रात्री राहिलो, खाणंपिणं धरून दहा हजारांच्या आसपास गेले. पैसे वसूल.

अबोली_क

घाटमाथा, धन्यवाद. रायगड त्यांनी पाहिलाय, ती पायरीसुद्धा. आता राजगडच.

चालतेराहा

राजगडाला एक दिवस म्हणजे गडावर अन्याय आहे. मुक्काम कराच. जमलं तर तोरण्याची बुधला माची उतरून डोंगरधारेने राजगड गाठा. आळू दरवाजाने आत शिरताना संजीवनी जशी समोर उभी राहते तशी दुसऱ्या कुठल्याही वाटेने दिसत नाही. आमचा ग्रुप दरवर्षी करतो.

आणि बूट चांगले घ्या. मी साडेपाच हजारांचे घेतलेत, ओल्या कातळावरही पाय सुटत नाही.

जुना_मावळा

ज्या गडावरून स्वराज्याचा कारभार जवळजवळ पाव शतक चालला, तिथे जाऊन बालेकिल्ला सोडायचा विचारही करू नका. मूळ डोंगराचं नाव मुरुंबदेव. महाराजांनी तो ताब्यात घेतला, बांधून काढला आणि राजगड नाव दिलं. सईबाई राणीसाहेबांचं निधन इथलं, ५ सप्टेंबर १६५९. राजाराम महाराजांचा जन्म इथला, २४ फेब्रुवारी १६७०. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटून महाराज परतले ते इथेच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, १२ राहिले, त्या बारांत राजगड होता.

बालेकिल्ल्याचा महादरवाजा आजही चांगल्या स्थितीत उभा आहे, त्यावर कमळं आणि स्वस्तिक कोरलेली आहेत. अफजलखानाचं शिर त्याच दरवाजाच्या भिंतीत पुरलं आहे. तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो. आधी बालेकिल्ला, बाकी सगळं नंतर.

सुवेळा_प्रेमी

बालेकिल्ल्याला +१, पण सुवेळा माचीही हवीच. नेढ्यात (कड्यातल्या आरपार भोकात) बसल्यावर जो वारा लागतो त्याने सगळा शीण जातो. सुवेळा माचीवर लढताना तोफेचा गोळा लागून संताजी शिळीमकर पडले, त्यांची वीरगळ तिथे आहे. डुब्यापासून (माचीच्या सुरुवातीच्या टेकाडापासून) पुढे तट बघत चला. पहाटे चारला निघालात तर सूर्योदय नाही मिळणार, पण ऊन चढायच्या आत नेढं होईल.

दगडधोंडे

मी जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न फार आवडला. नेढं, सूर्योदय, वारा हे सगळं खरं आहे, पण ताईंनी विचारलंय बांधकामाबद्दल आणि माणूस येतोय गवंडी. त्या अंगाने लिहितो.

वाट पालीची. हा गडाचा राजमार्ग. पायऱ्या आहेत, रुंदी आहे, चढ एका लयीत आहे. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट कमी अंतराची, पण शेवटचा कातळ उभा आहे आणि रेलिंग धरून जावं लागतं. चढताना कुणीही चढेल, दुखऱ्या गुडघ्याने तिथून उतरणं मात्र नको.

पाली दरवाजापासूनच धडा सुरू होतो. खरं तर हे दोन दरवाजे आहेत, एकामागे एक. पहिला इतका उंच की अंबारीसकट हत्ती आत यावा. म्हणजे ही वाट मिरवायची होती. त्यातून आत आलेला शत्रू मग दुसऱ्या दरवाजाच्या वाटेवर अडकतो आणि वरचे बुरूज त्याच्या डोक्यावर असतात. दुसऱ्या दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. बाबांना अडसराची भोकं दाखवा. लाकडी अडसर भिंतीच्या पोटात पूर्ण सरकेल एवढं खोल भोक बांधतानाच ठेवावं लागतं, मागाहून ते पाडता येत नाही. कुठल्या थरावर ते सोडलंय हे त्यांना लगेच कळेल.

आता संजीवनी. ही माची अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत जाणारी, १९ बुरूज. डोंगराची ही सोंड लांब आणि चिंचोळी आहे, तोरण्याच्या बाजूला उतरते. शत्रूला चढायला हीच सोयीची, म्हणून बांधकामाचा सगळा कस इथे लागलाय. बाहेर एक तट, आत दुसरा तट, मधे माणूस जेमतेम जाईल एवढी खोल फट. बुरुजालाही असंच बाहेरून दुसरा बुरूज घातलाय, म्हणून चिलखती बुरूज. तोफेने बाहेरचा तट फुटला तरी आतला उभा राहतो, आणि भगदाडातून घुसलेला माणूस त्या फटीत सापडतो. फटीत उतरायला आतून अरुंद दिंड्या (लहान दारं) आणि पायऱ्या आहेत. त्यातून आपला शिपाई बाहेरच्या तटावर जातो, आणि तो तट पडला तर परत आत येऊन दिंडी बंद करता येते.

जंग्यांतून (मारा करायला तटात ठेवलेल्या भोकांतून) वाकून बघायला सांगा. एक जंगी लांबवर बघते, दुसरी उतारावर, तिसरी थेट तटाच्या पायाशी. बाहेरून सगळी भोकं सारखीच दिसतात, उतार आतल्या बाजूला कापलाय. तटातच शौचकूप आहेत, तटालगत पाण्याची टाकी आहेत. टाकं खोदताना निघालेला दगड तिथेच तटाला वापरायचा, म्हणजे पाणीही साठतं आणि दगड वाहायचाही वाचतो. सह्याद्रीतल्या गडांवर हा हिशोब सगळीकडे दिसतो.

माझं मत: पाली दरवाजा आणि संजीवनीचे पहिले दोन टप्पे, शक्य झालं तर आळू दरवाजापर्यंत. वाटाड्या घ्याच, दिंड्या सहज सापडत नाहीत. बालेकिल्ला सोडला तरी चालेल.

जुना_मावळा

बालेकिल्ला सोडला तरी चालेल? दगड बघायला जायचं आणि गडाचा जीव जिथे होता ते बघायचं नाही?

दगडधोंडे

काका, जीव सगळ्या गडात होता. बालेकिल्ल्याची चढण अरुंद आणि उभी आहे, सुट्टीच्या दिवशी रेलिंगला धरून माणसं दोन्हीकडून खोळंबलेली असतात. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला त्या रांगेत उभं करायचं कशासाठी?

आणि शिराबद्दल: ती परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे. ती तशीच सांगावी, ‘पुरलं आहे’ असं ठामपणे लिहू नये.

जुना_मावळा

परंपरा म्हणजे खोटं नव्हे. गडाखालच्या गावांत पिढ्यान् पिढ्या सांगतात.

चालतेराहा

शिराचं प्रतापगडाच्या पायथ्यालाही सांगतात ना? तिथे तर कबर आहे.

जुना_मावळा

ती धडाची. शिर राजगडावर आणलं, अशीच परंपरा आहे. नीट वाचा.

सुवेळा_प्रेमी

मंडळी, वेगळा धागा काढा. ताईंना नेढ्याबद्दल मी लिहिलंय ते वाचा.

गोधडी

माझा अनुभव सांगते. माझ्या आईला आम्ही गुंजवण्याकडून नेलं. चढली छान, उतरताना चोर दरवाजाखाली तिचा गुडघा असा धरला की पुढची वाट बसत बसत उतरावी लागली. खाली पोचलो तेव्हा काळोख झाला होता. तेव्हापासून मी चालायच्या काठ्यांची जोडी घेतली, घडीच्या, हलक्या, ३८०० रुपयांना. उतरताना भार हातांवर येतो. त्या घ्याच. गुडघ्याचा पट्टाही घ्या, पण चढताना घालू नका, घट्ट होतो. उतरायला लागलात की घाला.

पाली वाटेला माझं +१.

अबोली_क

गोधडी, पट्ट्याचं फार उपयोगी सांगितलंत. काठ्या मात्र बजेटबाहेर जातात.

दगडधोंडे, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांचे प्रश्न: तट घडीव दगडाचा आहे की अनगड? दरजा (दगडांमधल्या फटी) चुन्याने भरलेल्या आहेत का? आणि एवढ्या उंच भिंतीत दर थोड्या अंतरावर आत शिरणारा लांब दगड घातलाय का?

दगडधोंडे

बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मुळाशी जाणारे आहेत.

गडावर दोन्ही प्रकार आहेत. दरवाजे, बुरुजांची दर्शनी अंगं, कमानी इथे घडीव दगड. साध्या तटाला ठिकठिकाणी फक्त तोंड घडवलेले दगड आणि पोटात भर. बाहेरून एक अंग, आतून एक अंग, मधे दगडगोट्यांची भर. जिथे तट ढासळलाय तिथे उभा छेदच पडलेला असतो, चांगल्या तटापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं. लांब दगड कुठे आत शिरलाय आणि कुठे नाही हे त्या पडलेल्या जागी दिसेल. जिथे दोन्ही अंगं एकमेकांना बांधलेली नाहीत तिथे पोटात पाणी शिरून बाहेरचं अंग फुगतं आणि सुटतं.

चुना आहे. कळीचा चुना विझवून, वाळू घालून घाण्यात दगडी चाकाने मळायचा. तो सावकाश घट्ट होतो, थोडी हालचाल सोसतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो.

म्हणूनच एक गोष्ट मनापासून खटकते. अनेक गडांवर डागडुजी म्हणून दरजांत सिमेंट भरलेलं दिसतं. सिमेंट ओल कोंडतं. पाणी दगडामागे साठतं आणि काही पावसाळ्यांत जुना दगडच तोंड सोडतो. पडलेलं तसंच राहिलं तरी ते इतकं नुकसान करत नाही.

घाटमाथा

मग काय सगळं पडू द्यायचं? लोक पैसे गोळा करून, सुट्ट्या घालवून गडांवर राबतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

दगडधोंडे

राबणाऱ्यांबद्दल आदरच आहे. टाक्यांतला गाळ काढणं, तटात रुजलेली झाडं काढणं, वाटा मोकळ्या करणं ही कामं त्यांनीच केलीत. वडा-पिंपळाचं मूळ तटात शिरलं की दगड उचलून काढतं, ते वेळेत काढणं फार मोलाचं आहे. मी बोलतोय मसाल्याबद्दल. चुना वापरा एवढंच.

घाटमाथा

चुना मळणारी माणसं आता आहेत कुठे? आणि वेळ किती लागतो ते बघा. पावसाच्या आधी बुरूज सावरायचा असेल तर काय करायचं?

दगडधोंडे

लाकडाचा टेकू द्यायचा, ताडपत्री टाकायची, आणि पाऊस संपल्यावर चुन्याने करायचं. माणसं तयार करावी लागतील हे खरंय.

पाऊलखुणा

एक वेगळी वाट सुचवतो. भोरहून भाटघरच्या पाण्याकडेने भुतोंड्याला या. तिथून आळू दरवाजाने थेट संजीवनीवर पोचता. बाकी गडाची पायपीटच नाही. आळू दरवाजा बराच पडलाय, पण वाघाने सांबर उताणं पाडल्याचं शिल्प तिथलंच. गर्दी अजिबात नसते.

बूट मी साधेच वापरतो, पाच हजारांचे बूट वगैरे काही लागत नाही.

चालतेराहा

साध्या बुटांचा सल्ला वयस्कर माणसाला देऊ नका. ओल्या कातळावर कळेल.

पाऊलखुणा

नोव्हेंबरअखेर कातळ ओला कुठून?

चालतेराहा

दव पडतं ना सकाळी.

पालीकर

ताई, मी खालच्याच गावचा. भुतोंड्याची वाट चांगली आहे, पण पुण्यावरनं तुमचा निम्मा दिवस गाडीतच जाईल, आणि ती वाट फार चालती नाही. दसऱ्यानंतर गवत डोक्याएवढं असतं, म्हाताऱ्या माणसाला पाय कुठं टाकायचा ते दिसत नाही. तुम्ही मार्गासनीवरनं वाजेघरला या, तिथनं पाली. गाडी गावात कुणाच्याही अंगणात लावा, विचारून. जेवण जातानाच सांगून ठेवा, म्हणजे परत येईपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते.

सकाळी साडेसहाला पायथ्याला पाहिजे. धडधाकट माणूस अडीच-तीन तासांत वर जातो, तुमच्या वडिलांना चार धरा. पाणी खालनंच न्या, माणशी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण त्यातलं प्यायला आता भरवसा नाही. दुपारी अडीच वाजले की कुठं असाल तिथनं मागं फिरायचं. खरा वेळ उतरायला जातो.

आणि मधमाश्या. कड्याला पोळी असतात. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. गडावर धूर करू नका, फटाके तर नाहीच. मागं एका ग्रुपनं वर चूल पेटवली आणि माश्या उठल्या, खाली पळत आलेली पोरं आम्ही उचलून नेली.

वाटाड्या पाहिजे तर गावातला पोरगा देतो, पाण्याची पिशवीबी घेईल. बालेकिल्ल्यावर चंद्रतळं, ब्रह्मर्षीचं देऊळ, जननीचं देऊळ आहे, तिथं जाऊनच या, आमच्या गडाचा मान आहे तो.

गोधडी

पालीकर दादांचा प्रतिसाद सोन्यासारखा. वाखु (वाचनखूण) साठवली. काठ्यांचं विसरू नका.

सुवेळा_प्रेमी

बालेकिल्ल्याला परत +१. आणि सुवेळा.

घाटमाथा

२५०० मध्ये पेट्रोल, जेवण आणि वाटाड्या बसणं अवघड वाटतं. जरा हात सैल सोडा, वडिलांना एकदाच नेताय. खाली एखाद्या रिसॉर्टवर एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन चढा.

पालीकर

बसतंय की. येऊन-जाऊन सव्वाशे किलोमीटर होईल तुमचं, आणि दोघांचं जेवण. रिसॉर्ट कशाला?

दगडधोंडे

आणखी एक मुद्दा, बाबांना आवडेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात) गड कसा बांधावा हे सांगितलंय. आधी पाण्याची सोय बघावी, दरवाजा समोरून मारा होईल असा नसावा, आणि गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. राजगडावर हे सगळं जमिनीवर दिसतं: पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, आळू दरवाजा, चोर दरवाजा. गुंजवणे दरवाजा तर तीन दरवाजांची रांगच आहे. प्रत्येक माचीला आपली वाट, आपलं पाणी, आपली तटबंदी. एक माची पडली तरी दुसरी लढू शकते, आणि सगळ्या पडल्या तरी वर बालेकिल्ला आहे. म्हणून राजगड हा एक किल्ला नसून चार किल्ले आहेत असं मी मानतो.

जुना_मावळा

हे मात्र पटलं. आणि म्हणूनच औरंगजेबाला स्वतः यावं लागलं. १७०३ च्या अखेरीस वेढा पडला, १७०४ च्या फेब्रुवारीत गड गेला, त्याने नाव ठेवलं नबीशाहगड. १७०७ मध्ये गुणाजी सावंतांनी परत घेतला. नबीशाहगड हे नाव आज कुणी घेत नाही.

आणि तुमच्याच मुद्द्याप्रमाणे शेवटचा किल्ला बालेकिल्ला. मग तो बघायचा नाही?

दगडधोंडे

काका, वेळ असता तर मीच हात धरून नेलं असतं. माझा आग्रह एवढाच की संजीवनीच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत तरी जावं.

चालतेराहा

२०२५ च्या जुलैत १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात राजगड आहे, साल्हेर आहे, जिंजीसुद्धा आहे. तोरणा नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. १४०३ मीटर उंचीचा, १६४६ च्या सुमारास सगळ्यांत आधी घेतलेला गड.

पाऊलखुणा

आणि रोहिडा? आणि हरिश्चंद्रगड? यादी काढायची तर संपणार नाही.

चालतेराहा

तोरण्याची गोष्ट वेगळी आहे. दुसरा धागा काढतो.

अबोली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांबरोबर बसून सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि ठरवलं.

वाट पालीची. वाजेघर-पाली, साडेसहाला पायथा, अडीचला परत फिरणं, पालीकर दादांनी सांगितलं तसंच. तीन लिटर पाणी, सेंट नाही. पट्टा उतरताना. काठ्या विकत घेत नाही, बाबांची जुनी बांबूची काठी आहे.

बालेकिल्ला करणार नाही. सुवेळा नाही. दगडधोंडे, तुमच्या म्हणण्यापेक्षाही कमी करतोय: संजीवनीचा फक्त पहिला टप्पा. बाबांचं म्हणणं असं की तीन टप्पे चालत बघण्यापेक्षा एका बुरुजापाशी दोन तास थांबलं तर ते कसं बांधलं ते कळेल. त्यांना थर मोजायचेत, ओळंबा सोडून बुरुजाचा कल बघायचाय, तट पडलाय तिथला छेद वहीत काढायचाय. हात लावायचा तो मूळ दगडाला, दगड हलवणार नाही, चढणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

पाली दरवाजालाही जाताना अर्धा तास देणार. अडसराच्या भोकावरून आमच्याकडे कालच चर्चा झाली: ते भोक सोडून वरचा थर पेलायला त्यावर केवढा दगड ठेवला असेल. उत्तर तिथेच मिळेल.

वाटाड्या म्हणून नको, पण पाण्याची पिशवी धरायला आणि दिंडी दाखवायला पालीकर दादांच्या गावातला मुलगा हवा आहे. दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

जुना_मावळा

बालेकिल्ला सोडणं मला पटलेलं नाही, ते नोंदवून ठेवतो. पण वडिलांची दृष्टी आवडली. पाली दरवाजातून वर आलात की संजीवनीची वाट बालेकिल्ल्याच्या पोटाखालून जाते, तिथे थांबून वरचा तट तरी बघा. महाराजांचं नाव घेऊन चढा.

सुवेळा_प्रेमी

सुवेळा परत कधीतरी नक्की करा.

दगडधोंडे

पहिल्याच टप्प्यात थांबणार असाल तर ऊन कुठून येतं ते बघून जागा घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात, ती कुठल्या बाजूने चालली तेही कळतं. अकरानंतर दगड सपाट दिसायला लागतो. म्हणजे पाली दरवाजाला अर्धा तास जाताना नको, येताना द्या, आणि संजीवनी आधी गाठा. छेदाचं चित्र काढलं की इथे टाकायला सांगा. दोन अंगांमधली भर किती रुंद आहे ते मला बघायचंय.

पालीकर

ताई, व्यनि मिळाला. पोरगा येईल, दहावीला आहे, दिंड्या सगळ्या ठाऊक आहेत त्याला. रविवारी येऊ नका, शनिवारीबी नको. मधल्या वारी या, माची मोकळी मिळेल.